किरणांचा नेम आणि संगणकाची नजर

बंगळूरच्या दक्षिण भागात कनकपुरा रस्त्यावर बनशंकरी देवीचे मंदिर आहे. १९१५ साली बांधलेल्या या मंदिरात राहुकाळी लिंबाच्या सालीत तेलवात लावून नवस बोलण्याची प्रथा आहे. देवीचे मूळ स्थान बदामीजवळचे. महाराष्ट्र व कर्नाटकातील अनेक मराठी घराण्यांची ती कुलदेवता असल्यामुळे बंगळुरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हे मंदिर परके वाटत नाही. २०१७ पासून मेट्रोचे स्थानक झाल्यावर तर येथील वर्दळ अधिकच वाढली. येथून काही किलोमीटरच्या परिसरात कर्करोगावरील उपचारांची दोन परिचित ठिकाणे आहेत: १९७३ साली स्थापन झालेली किडवाई स्मारक कर्करोग संस्था आणि बसवनगुडीच्या शंकरपुरम भागातील श्री शंकरा कर्करोग रुग्णालय. कलबुर्गी, बिदर, बेळगाव या सीमाभागांतून उपचारांसाठी बंगळुरास येणाऱ्या कुटुंबांना महिना-दीड महिना शहरात काढावा लागतो, तो बहुधा एका विशिष्ट उपचारासाठी. डॉक्टर त्यास रेडिएशन म्हणतात, पुस्तकांत त्यास किरणोपचार म्हणतात, आणि घरोघरी त्याचे नाव ‘लाईट घेणे’ असे पडले आहे.

लाईट घ्यायला जायचे, पाच-दहा मिनिटे टेबलावर निजायचे आणि परत यायचे. दुखत नाही, रक्त निघत नाही. बाहेरून पाहणाऱ्यास हा उपचार इतका साधा भासतो. परंतु त्या काही मिनिटांत जे घडते त्याची सारी भिस्त एकाच प्रश्नावर असते: आज, या क्षणी, गाठ नेमकी कोठे आहे? या प्रश्नाचे उत्तर देण्यास अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेचे साहाय्य घेतले जाऊ लागले आहे. वृत्तपत्रांतून या विषयावर पुष्कळ लिहिले जाते. पण त्यातील बराचसा भाग चमत्काराच्या भाषेत असतो. प्रत्यक्षात यंत्र काय करते, काय करीत नाही आणि रुग्णाच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, हे समजून घेणे अधिक उपयोगाचे.

मिलिमीटरचा हिशेब

किरणोपचारासाठी आज प्रामुख्याने वापरले जाणारे यंत्र म्हणजे लिनिअर ॲक्सिलरेटर. इलेक्ट्रॉन अतिशय वेगाने धातूच्या लक्ष्यावर आदळवून त्यातून निघणारे प्रखर क्ष-किरण हे यंत्र शरीरावर सोडते. हे किरण पेशींतील डीएनएला इजा करतात. कर्कपेशींची दुरुस्ती करण्याची क्षमता सामान्य पेशींहून कमी असते. म्हणूनच संपूर्ण मात्रा एका दमात न देता रोज थोडी थोडी दिली जाते. निरोगी पेशींना रात्रीतून सावरण्यास अवधी मिळतो; कर्कपेशी मागे पडत जातात. डोके व मान या भागातील कर्करोगासाठी साधारणतः ६६ ते ७० ग्रे इतकी मात्रा रोज दोन ग्रे या प्रमाणात साडेसहा-सात आठवडे दिली जाते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात बाहेरून देण्याची मात्रा बहुधा पाच आठवड्यांत पूर्ण होते.

उपचार सुरू होण्यापूर्वी रुग्णाचा सीटी स्कॅन काढतात. त्या प्रतिमेच्या प्रत्येक छेदावर डॉक्टर गाठीची सीमा आखतात, आणि आसपासच्या नाजूक अवयवांच्याही सीमा आखतात. मग मेडिकल फिजिसिस्ट, म्हणजे वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ, कोणत्या कोनातून किती किरण सोडावेत याचा आराखडा संगणकावर तयार करतात. पुढील पाच-सात आठवडे याच आराखड्यानुसार उपचार होतात.

अडचण येथेच आहे. सीटी स्कॅन एका दिवसाचा. उपचार पस्तीस दिवसांचा. मधल्या काळात मनुष्याचे शरीर स्थिर राहत नाही. मूत्राशय कधी भरलेले असते तर कधी रिकामे, आतड्यांत वायू फिरत असतो, श्वासाबरोबर फुफ्फुसातील गाठ खालीवर होते. तोंडाचा कर्करोग असलेल्या रुग्णास गिळणे अवघड झाले की वजन उतरते. मग चेहऱ्यावर घट्ट बसविलेला प्लॅस्टिकचा मुखवटा, जो डोके हलू नये म्हणून गरम पाण्यात मऊ करून त्याच्याच चेहऱ्यावर घडविलेला असतो, तो सैल पडतो. आनंदाची गोष्ट म्हणजे कित्येकदा गाठही आकसते; पण आकसलेल्या गाठीसाठी जुना आराखडा म्हणजे निम्मी फेड झालेल्या कर्जावर मूळ मुद्दलाचेच व्याज आकारण्यासारखे होय.

ही अनिश्चितता गृहीत धरून डॉक्टर गाठीच्या भोवती थोडी जादा कड सोडतात. ही कड किती असावी हा क्षुल्लक प्रश्न वाटेल. परंतु आकडेमोड करून पाहावी. गाठ चार सेंटिमीटर व्यासाचा गोल आहे असे मानले तर तिचे घनफळ सुमारे ३३ घन सेंटिमीटर भरते. भोवती एक सेंटिमीटर कड ठेवली की किरणांखाली येणारा भाग ११३ घन सेंटिमीटर होतो. म्हणजे गाठीच्या दुपटीहून अधिक निरोगी भाग होरपळतो. हीच कड अर्धा सेंटिमीटर करता आली तर एकूण भाग ६५ घन सेंटिमीटरवर येतो आणि निरोगी भागाचे नुकसान सुमारे ८० वरून ३२ वर उतरते. अवघ्या पाच मिलिमीटरची ही करामत. त्या पाच मिलिमीटरमध्ये कोणाची लाळग्रंथी असते, कोणाचे गुदाशय, तर कोणाची दृष्टीची नस. परंतु कड कमी करायची तर गाठ कोठे आहे याची रोज खात्री हवी; अंधारात नेम धरून कड कमी केली तर गाठच निसटायची.

रामचंद्रन, बंगळूर आणि मोटारीचा कारखाना

ही खात्री करून घेण्यासाठी आधुनिक ॲक्सिलरेटरला एक छोटा क्ष-किरण नळीचा जोड दिलेला असतो. एका बाजूस नळी, समोरच्या बाजूस चपटी संवेदक पाटी. दोन्ही रुग्णाभोवती सुमारे मिनिटभरात फिरतात आणि शेकडो छायाचित्रे टिपतात. त्यांवरून संगणक शरीराची त्रिमितीय प्रतिमा रचतो. या पद्धतीस कोन-बीम सीटी म्हणतात, कारण किरण शंकूच्या आकाराने पसरतात. रुग्ण टेबलावर निजलेला असतानाच ही प्रतिमा मूळ सीटीशी ताडून पाहिली जाते आणि टेबल दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे सरकवून मगच उपचाराचे किरण सोडले जातात.

सावल्यांवरून वस्तू रचण्याच्या या विद्येला बंगळूरचे एक मोठे ऋण आहे, आणि त्या शहरात राहणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना ते ठाऊक असावे. अनेक बाजूंनी घेतलेल्या सावल्या पुन्हा आत पसरवून एकावर एक टाकल्या तर मूळ वस्तूची आकृती उमटते खरी, परंतु ती तेलकट कागदातून पाहिल्यासारखी पुसट असते. ती स्पष्ट करण्याचे गणित जुन्या पद्धतीने फार वेळखाऊ होते. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. गो. ना. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी १९७१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. प्रत्येक सावलीवर आधी एक विशिष्ट गणिती संस्कार करून मगच ती आत पसरवावी, म्हणजे पुसटपणा थेट नाहीसा होतो आणि गणनाही कितीतरी जलद होते, असे त्यांनी दाखवून दिले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लंडनजवळील एका रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर जगातील पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. हाउन्सफील्ड यांना ॲलन कॉरमॅक यांच्यासह १९७९ चे नोबेल पारितोषिक लाभले. रामचंद्रन यांना ते लाभले नाही. मात्र सीटीच्या पाठ्यपुस्तकांत ‘राम-लक’ हे गाळणीचे नाव आजही या दोघांच्या आद्याक्षरांनी ओळखले जाते. शंकूच्या आकाराच्या किरणांसाठी हीच रीत पुढे नेणारे सूत्र १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले, ते फोर्ड मोटार कंपनीच्या संशोधकांकडून. आज किडवाईत किंवा परळला टेबलावर निजलेल्या रुग्णाची प्रतिमा रचताना विज्ञान संस्था आणि मोटारीचा कारखाना असे दोघेही पडद्याआड हजर असतात, असे म्हणावयास हरकत नाही.

धुक्यातील प्रतिमा

इतके सारे असूनही कोन-बीम सीटीची प्रतिमा नेहमीच्या सीटीच्या तोडीची नसते. नेहमीच्या सीटीत किरणांचा पट्टा अरुंद असतो. येथे शंकू रुंद असल्याने शरीरात शिरलेले किरण वाटेत आपटून दिशा बदलतात आणि संवेदक पाटीवर भलतीकडेच पडतात. धुक्यात मोटारीचे दिवे प्रखर केले की रस्ता दिसण्याऐवजी पांढरा पडदाच समोर येतो, तसा काहीसा हा प्रकार. शिवाय यंत्राला एक फेरी घेण्यास मिनिट लागते. तेवढ्यात माणूस पंधरा-वीस वेळा श्वास घेतो, आणि आतड्यातील वायूचा एखादा बुडबुडाही जागा बदलतो. त्या सर्वांचे पट्टे प्रतिमेवर उमटतात. दातांत चांदी भरलेली असेल किंवा खुब्यात धातूचा सांधा असेल तर पाहावयास नको.

सर्वांत मोठा तोटा दिसण्याचा नाही, मोजण्याचा आहे. सीटीमध्ये प्रत्येक बिंदूला एक अंक असतो. पाण्याला शून्य, हवेला उणे एक हजार. या अंकांना हाउन्सफील्डचेच नाव दिले आहे. कोणत्या ऊतकात किरण किती शोषले जातील हे संगणक या अंकांवरून ठरवितो. कोन-बीम प्रतिमेत हे अंक बिघडतात. त्यामुळे तिच्यावरून हाडे जुळविता येतात, टेबल सरकविता येते. परंतु आजच्या शरीरात आज किती मात्रा पोहोचली याचा विश्वासार्ह हिशेब मांडता येत नाही. खातेदाराचा चेहरा ओळखू येतो, पण शिल्लक वाचता येत नाही, अशी ही स्थिती.

खोटी नोट आणि पोलीस

कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रवेश होतो तो या ठिकाणी. संगणकाला एकाच रुग्णाच्या दोन प्रतिमा दाखवितात: एक धुकट कोन-बीम, दुसरी जवळपासच्या दिवशी घेतलेली स्वच्छ सीटी. पहिलीवरून दुसरी कशी मिळेल याचा अंदाज संगणक बांधतो, चुकतो, चूक मोजतो आणि आपल्या आतील लक्षावधी अंकांपैकी प्रत्येकात किंचित बदल करतो. शेकडो रुग्णांच्या हजारो छेदांवर ही क्रिया घडली की धुके कसे दिसते आणि त्याखाली बहुधा काय असते हे तो शिकतो. कोणी त्यास नियम लिहून दिलेले नसतात. या कामी विशेष उपयोगी ठरलेली यू-नेट नावाची रचना जर्मनीतील फ्रायबुर्ग विद्यापीठातून २०१५ साली पुढे आली.

दुसरी एक युक्ती बँकेत काम करणाऱ्यांना विशेष रंजक वाटेल. इयन गुडफेलो व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत दोन संगणकीय जाळी एकमेकांविरुद्ध उभी केली जातात. त्यांनी स्वतःच दिलेले उदाहरण खोट्या नोटा छापणारी टोळी आणि पोलीस यांचे आहे. एक जाळे प्रतिमा बनविते, दुसरे ती खरी की बनावट ते ओळखते. पकडले गेले की पहिले जाळे सुधारते; फसले की दुसरे सुधारते. अखेरीस पहिल्याने बनविलेली प्रतिमा दुसऱ्यास ओळखू येईनाशी होते. याच कल्पनेचा २०१७ मध्ये विस्तार झाला. त्या नव्या पद्धतीत एकाच गोष्टीच्या जोडप्रतिमांची गरज उरली नाही. घोड्यांची काही चित्रे आणि झेब्र्यांची काही चित्रे निरनिराळी दिली तरी संगणक घोड्याला झेब्रा करून दाखवू लागला. किरणोपचारात घोड्याच्या जागी कोन-बीम प्रतिमा आणि झेब्र्याच्या जागी सीटी आली. अशा रीतीने तयार झालेल्या प्रतिमेस कृत्रिम सीटी किंवा सिंथेटिक सीटी म्हणतात. धुके विरते, अंक बरेचसे ताळ्यावर येतात आणि आजच्या शरीरावर आजचा मात्रेचा हिशेब मांडणे शक्य होते. एमआरआयवरूनही अशीच कृत्रिम सीटी तयार करता येते. एमआरआयमध्ये मऊ ऊतके फार स्पष्ट दिसतात, परंतु मात्रा मोजण्यासाठी लागणारे अंक त्यात मुळीच नसतात. ही उणीव त्यामुळे भरून निघते. कमी छायाचित्रांवरून किंवा क्षीण किरणांवरून चांगली प्रतिमा रचणे हाही या तंत्राचा एक लाभ आहे. पस्तीस दिवस रोज प्रतिमा काढावयाची, तर प्रत्येक प्रतिमेबरोबर अंगावर पडणारी थोडी मात्रा कमी झालेली बरी.

याहून अधिक वेळ वाचतो तो सीमा आखण्याच्या कामात. डोके व मान भागातील रुग्णाच्या सर्व अवयवांच्या सीमा हाताने आखण्यास अनुभवी डॉक्टरलाही तास-दोन तास सहज लागतात. प्रशिक्षित संगणक तेच काम काही मिनिटांत करून डॉक्टरांपुढे ठेवतो. डॉक्टर तपासतात, खोडतात, दुरुस्त करतात. केंब्रिजच्या ॲडनब्रुक्स रुग्णालयाने मायक्रोसॉफ्टसह या दिशेने केलेले काम जगभर चर्चिले गेले. स्वच्छ प्रतिमा, झटपट आखणी आणि जलद हिशेब या तीन गोष्टी एकत्र आल्या की रुग्ण टेबलावर असतानाच त्या दिवसाच्या शरीराला साजेसा नवा आराखडा करता येतो. यास ‘अनुकूलित किरणोपचार’ असे म्हणता येईल. असे आराखडे करणारी यंत्रे आता बाजारात आहेत.

उपयोग खरोखर होतो काय?

सुबक प्रतिमा पाहून डॉक्टरांचे समाधान होईल, रुग्णाचे काय? या प्रश्नाचे एक भक्कम उत्तर महाराष्ट्रातूनच मिळाले आहे. टाटा स्मारक केंद्राच्या मुंबईतील रुग्णालयात आणि खारघर येथील ॲक्ट्रेक या संशोधन केंद्रात गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी शस्त्रक्रिया झालेल्या ३०० स्त्रियांवर एक चाचणी घेण्यात आली. निम्म्या स्त्रियांना प्रचलित त्रिमितीय पद्धतीने किरण दिले गेले, निम्म्यांना प्रतिमेच्या मार्गदर्शनाखाली सूक्ष्म नियंत्रण करून. ‘पार्सर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन वर्षांनंतर आतड्यांचा मध्यम वा तीव्र त्रास जुन्या पद्धतीत ४२.४ टक्के स्त्रियांना झाला, नव्या पद्धतीत २१.१ टक्के. रोग आटोक्यात राहण्याचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच होते.

हे आकडे वाचताना त्यामागील आयुष्य डोळ्यांपुढे आणावे. आतड्यांचा त्रास म्हणजे वारंवार जुलाब, पोटात कळा, कधी रक्तस्राव, कधी आतडे अडकून पुन्हा शस्त्रक्रिया. कर्करोगातून बरी झालेली स्त्री बसने प्रवास करण्यास, लग्नकार्यास जाण्यास, शेतावर दिवसभर राहण्यास कचरते, ती बहुधा याच कारणाने. आणि संकोचापायी ती हे कोणास सांगत नाही. अशा स्त्रियांची संख्या निम्म्याने घटणे हा मोठाच लाभ होय.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. ही चाचणी कृत्रिम बुद्धिमत्तेची नव्हती. नीट पाहून नेम धरण्याची होती. नीट पाहण्याचे मोल तिने सिद्ध केले. मात्र नीट पाहण्यास वेळ आणि प्रशिक्षित माणसे लागतात, आणि आपल्या सार्वजनिक रुग्णालयांत या दोन्हींचीच वानवा आहे. समजा, एका यंत्रावर दिवसाकाठी साठ रुग्णांचे उपचार होतात आणि संगणकाच्या मदतीने प्रत्येकामागे दोन मिनिटे वाचली, तर रोज दोन तास मोकळे होतील. त्या दोन तासांत आणखी दहा-बारा जणांची प्रतीक्षा संपू शकेल. श्रीमंत देशांत हे तंत्र उपचार अधिक रेखीव करण्यासाठी हवे आहे. भारतात त्याचा खरा उपयोग रांग कमी करण्यासाठी व्हावा.

झेब्र्याचे पट्टे स्वारावर

घोड्याचा झेब्रा करणाऱ्या त्या संगणकाची एक फजिती संशोधकांनीच प्रसिद्ध केली होती. घोड्यावर स्वार बसलेला असेल तर संगणकाने त्या स्वाराच्या अंगावरही पट्टे रंगविले. त्याने शिकताना स्वार पाहिलेच नव्हते. हसू येण्याजोगी ही चूक रुग्णाच्या बाबतीत घडली तर हसण्यावारी नेता येणार नाही. शिकताना न पाहिलेली गोष्ट समोर आली की संगणक ‘मला ठाऊक नाही’ असे आपण होऊन म्हणत नाही. सवयीचेच चित्र काढून मोकळा होतो. ते चित्र धुकट नसते, अत्यंत स्वच्छ असते, आणि म्हणूनच अधिक फसवे. नसलेली हवा दाखविणे, असलेली लहान गाठ गुळगुळीत करून पुसून टाकणे, असे दोष संशोधकांना आढळले आहेत.

भारतीय रुग्णांच्या बाबतीत ही शक्यता अधिक गांभीर्याने घ्यावयास हवी. तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोग आपल्याकडे विपुल. रुग्ण उशिरा येतात, गाठी मोठ्या असतात, जबड्याचा भाग काढून तेथे छातीचे किंवा पायाचे मांस बसविलेले असते. परदेशातील रुग्णांवर शिकलेल्या संगणकाने अशी शरीररचना क्वचितच पाहिलेली असते. यासाठी आपल्याच रुग्णांच्या प्रतिमांचा संग्रह हवा. जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने टाटा स्मारक रुग्णालयाने असा संग्रह उभारण्यास आरंभ केला असून त्याचे नावच ‘बायो-इमेजिंग बँक’ असे आहे. आयआयटी मुंबई आणि दिल्ली व चंदीगड येथील मोठ्या वैद्यकीय संस्था त्यात सहभागी आहेत. आरंभी डोके-मान आणि फुफ्फुस यांच्या कर्करोगांवर भर देण्यात आला. बंगळुरातही भारतीय विज्ञान संस्थेत वैद्यकीय प्रतिमांवर काम चालते. २०२१ मध्ये तेथील संशोधकांनी नॉर्वेतील संस्थांसह कोविडग्रस्त फुफ्फुसांचे सीटी वाचणारी ‘अनामनेट’ ही प्रणाली प्रसिद्ध केली. ती इतकी सुटसुटीत आहे की साध्या उपकरणावरही चालावी. लहान गावांतील रुग्णालयांच्या दृष्टीने हा गुण मोठा. उपचारयंत्रांच्या निर्मितीतही या शहराचा वाटा आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले ‘भाभाट्रॉन’ हे कोबाल्टवर चालणारे स्वदेशी यंत्र बंगळूरच्या कारखानदारांनी तयार केले आणि ते परदेशीही गेले.

चुकीवर उपाय काय? बँकेत तो फार जुना आहे. एकाने व्यवहार नोंदवायचा, दुसऱ्याने तपासून संमत करायचा. मेकर आणि चेकर या दोन भूमिका एका व्यक्तीकडे कधीही द्यावयाच्या नाहीत. संगणकाने आखलेली सीमा ही मेकरची नोंद समजावी. तिच्यावर किरणोपचारतज्ज्ञ डॉक्टरांची आणि मेडिकल फिजिसिस्टची संमती पडल्याखेरीज किरण सुटता कामा नये. खरा धोका यंत्र चुकण्यापेक्षा वेगळाच आहे. शंभर नोंदी बिनचूक आल्या की एकशे एकावी न वाचताच सही करण्याची सवय हाताला लागते. बँकेतील कर्मचाऱ्यांस हे निराळे सांगावयास नको.

कायद्याची चौकटही आहे. किरणोपचाराची यंत्रे १९८३ साली स्थापन झालेल्या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवान्याखेरीज चालविता येत नाहीत. वैद्यकीय कामासाठी वापरले जाणारे सॉफ्टवेअर एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणांच्या व्याख्येत आले आहे. रुग्णांच्या प्रतिमा संगणकाला शिकविण्यासाठी वापरताना नाव-गाव काढून टाकणे आणि संमती घेणे याला २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यामुळे अधिक महत्त्व आले आहे. फॉर्मवर सही करण्यापूर्वी तो वाचून घेण्याचा सल्ला बँक नेहमी देते. रुग्णालयाच्या फॉर्मलाही तो तितकाच लागू पडतो.

रुग्णाने काय करावे

किरणोपचार सुरू करण्यापूर्वी काही प्रश्न विचारण्यात संकोच बाळगू नये. प्रतिमा रोज घेतली जाणार की आठवड्यातून एकदा? वजन घटल्यास किंवा गाठ आकसल्यास आराखडा पुन्हा केला जाईल काय? संगणकाने सीमा आखल्या असतील तर त्या कोणी तपासल्या? चांगल्या विभागात या प्रश्नांची उत्तरे शांतपणे मिळतात. ‘एआय असलेले केंद्र’ अशा जाहिरातीवरून रुग्णालय निवडणे मात्र योग्य नाही. अनेक प्रकारच्या कर्करोगांत साध्या यंत्रावर, काळजीपूर्वक, खंड न पडता पूर्ण झालेला उपचार हाच सर्वाधिक मोलाचा असतो. महागड्या केंद्रात सुरू करून पैशांअभावी मध्येच थांबविण्यापेक्षा जवळच्या शासकीय किंवा धर्मादाय संस्थेत तो पूर्ण करणे केव्हाही श्रेयस्कर. पात्र कुटुंबांना आयुष्मान भारत योजनेतून, तसेच महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून साहाय्य मिळते. खासगी आरोग्य विमा असल्यास एक गोष्ट आधीच तपासावी. किरणोपचार रोज बाहेरून येऊन घेतला जातो, रात्री रुग्णालयात राहावे लागत नाही. अशा डे-केअर उपचाराची भरपाई पॉलिसीत आहे का, आणि प्रत्येक दिवसासाठी वेगळी पूर्वसंमती लागते का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यावे.

यंत्र कितीही हुशार असले तरी काही माहिती केवळ रुग्णापाशीच असते. मूत्राशय भरून येण्यास सांगितले असेल तर रोज ठरावीक वेळी, ठरावीक प्रमाणात पाणी प्यावे. गर्दीमुळे पाळी लांबली आणि लघवीस जाऊन यावे लागले, तर ते तंत्रज्ञास तसेच सांगावे. पोट साफ नसेल, खोकला सुरू झाला असेल, मुखवटा पूर्वीसारखा घट्ट लागत नसेल, गालाजवळ बोट सहज शिरत असेल, तर टेबलावर निजण्यापूर्वीच बोलावे. मुखवटा एकदा चढला की बोलता येत नाही. अशा वेळी हात वर करावा, खोलीतील कॅमेऱ्यातून बाहेरचा तंत्रज्ञ पाहत असतो आणि तो किरण तत्काळ थांबवितो.